मूळ संख्यांवर प्रोबॅबिलिटी लावून प्रूफ कसं लिहायचं: तुरानची पद्धत, एकेक पायरी

"२ ने भाग जायची प्रोबॅबिलिटी १/२, ३ ने १/३, सगळं एकमेकांपासून स्वतंत्र, गुणाकार करा, झालं सिद्ध." एमएस्सीच्या मुलांच्या वह्यांत हे वाक्य इतक्यांदा दिसतं की शेवटी नीट लिहून काढायचं ठरवलं. ह्या वाक्यातले पहिले दोन तुकडे जवळपास बरोबर आहेत, तिसरा चूक आहे, आणि "झालं सिद्ध" हे तर साफ खोटं आहे. प्रोबॅबिलिटी वापरून मूळ संख्यांबद्दल खरीखुरी प्रूफं होतात, पण तिथे "स्वतंत्र" म्हटलं की त्याची चूक किती ते मोजून दाखवावं लागतं. सगळी मेहनत तिथेच आहे, बाकीचं बारावीचं गणित.

एकच रिझल्ट घेऊन शेवटपर्यंत जाऊ. १९१७ मध्ये हार्डी आणि रामानुजन यांनी दाखवलं की १ ते एन मधल्या जवळपास सगळ्या संख्यांना साधारण लॉग लॉग एन इतके वेगवेगळे मूळ अवयव असतात. पाल तुरानने १९३४ मध्ये ह्याचं फार छोटं प्रूफ दिलं, फक्त सरासरी आणि व्हेरियन्स (सरासरीपासूनच्या फरकाच्या वर्गाची सरासरी) वापरून. तेच आपण करणार आहोत.

## आधी तयारी

ह्या गोष्टी हाताशी नसतील तर पुढे जाऊ नका, मध्येच अडकाल.

लॉग म्हणजे नॅचरल लॉग. कॅल्क्युलेटरवरचं "लॉग" बटण १० च्या पायाचं असतं, ते दाबायचं नाही, "एलएन" दाबायचं. दोनदा. एन = १० चा १०० वा घात घेतला तर पहिला लॉग २३०.२६ आणि त्याचा लॉग ५.४४. म्हणजे शंभर आकडी संख्येलासुद्धा साधारण पाच-सहाच वेगवेगळे मूळ अवयव.

मेर्टेन्सचा रिझल्ट (१८७४). एक्स पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांच्या १/पी ची बेरीज = लॉग लॉग एक्स + ०.२६१५ (साधारण) + शून्याकडे जाणारी चूक. हा तयार घ्यायचा, इथे सिद्ध करत बसायचं नाही. मूळ संख्या प्रमेय (एन च्या आसपास मूळ संख्यांचं प्रमाण साधारण १/लॉग एन) अजिबात लागत नाही, तरी लोक ते ओढून आणतात आणि मग प्रूफ उगाच जड होतं.

पूर्णांक भाग. १ ते एन मध्ये पी च्या पटीतल्या संख्या नेमक्या किती? एन/पी चा पूर्णांक भाग, म्हणजे एन/पी पेक्षा जास्त कधीच नाही आणि (एन/पी − १) पेक्षा कमी कधीच नाही. ह्या एका ओळीवर सगळी चूक मोजली जाते, नीट लक्षात ठेवा.

चेबिशेव्हची असमानता. सरासरीपासून टी किंवा त्याहून लांब असण्याची प्रोबॅबिलिटी ≤ व्हेरियन्स / टी². बस.

## पायरी १: आधी संख्या कुठून उचलतोय ते लिहा

प्रूफची पहिली ओळ अशी हवी: "१ ते एन मधून एक संख्या के उचलली, प्रत्येकीला सारखी संधी, १/एन." "एक रँडम नैसर्गिक संख्या घ्या" असं लिहायचं नाही, कारण सगळ्या नैसर्गिक संख्यांना सारखी संधी देणारी प्रोबॅबिलिटी अस्तित्वातच नाही. प्रत्येकीला शून्य दिलं तर बेरीज शून्य, शून्यापेक्षा जरा जरी जास्त दिलं तर बेरीज अनंत, १ काही येत नाही. म्हणून एन ठरलेला ठेवायचा, सगळा हिशेब त्यात करायचा आणि एन मोठा करत नेणं अगदी शेवटी.

थोडं आडवळण घेतो, पण उपयोगाचं आहे. सारखी संधी हवीच असा हट्ट सोडला तर सगळ्या नैसर्गिक संख्यांवर एक फार सोयीची प्रोबॅबिलिटी मिळते: एस हा १ पेक्षा मोठा घ्यायचा, आणि संख्या के ला १/(के^एस) भागिले झीटा(एस) इतकं वजन द्यायचं; झीटा(एस) म्हणजे सगळ्या १/(के^एस) ची बेरीज. इथे "२ ने भाग जातो", "३ ने भाग जातो" ह्या घटना अगदी तंतोतंत स्वतंत्र असतात, चूक शून्य, आणि पी ने भाग जायची प्रोबॅबिलिटी १/(पी^एस). आता के = १ येण्याची प्रोबॅबिलिटी दोन तऱ्हेने मोजा. व्याख्येवरून ती १/झीटा(एस). दुसरीकडे, १ येणं म्हणजे कुठल्याच मूळ संख्येने भाग न जाणं, म्हणजे सगळ्या (१ − १/पी^एस) चा गुणाकार. एस १ कडे नेला की झीटा अनंताकडे जातो, पहिली बाजू शून्याकडे. मूळ संख्या मोजक्याच असत्या तर दुसरी बाजू शून्याकडे गेलीच नसती. म्हणजे मूळ संख्या अनंत आहेत, आणि हे पूर्ण प्रूफ आहे, ह्यात "साधारण" असं काही नाही. तेव्हा वजन कुठलं घेताय ते आधी ठरवा, त्यावर पुढे किती त्रास होणार ते ठरतं.

आपल्या रिझल्टसाठी मात्र सारखी संधीच हवी, कारण तो "१ ते एन मधल्या किती टक्के संख्या" ह्याबद्दल आहे.

## पायरी २: मोजायची गोष्ट शून्य-एकच्या तुकड्यांत फोडा

प्रत्येक मूळ संख्या पी साठी एक्स-पी घ्या: पी ने के ला भाग जात असेल तर १, नाहीतर ०. मग के चे वेगवेगळे मूळ अवयव, ज्याला ओमेगा(के) म्हणतात, ते म्हणजे सगळ्या एक्स-पी ची बेरीज.

"वेगवेगळे" ह्या शब्दावर बोट ठेवा. १२ = २×२×३, ओमेगा २ आहे, ३ नाही. दोन्ही मोजण्या वापरात आहेत आणि पुढे पाढ्यांच्या उदाहरणात ह्यावरच गाडी अडते.

तपासा: एन = ३० घेऊन हाताने करा. २ च्या पटीत १५, ३ च्या १०, ५ च्या ६, ७ च्या ४, ११ आणि १३ च्या दोन-दोन, १७, १९, २३, २९ ची एकेक. बेरीज ४३, सरासरी ४३/३० = १.४३. लॉग लॉग ३० + ०.२६ = १.४९. एवढ्याशा एन ला इतकं जवळ येतंय म्हणजे पाया बरोबर आहे. तुमचं उत्तर ०.४३ वगैरे येत असेल तर १० च्या पायाचा लॉग दाबलाय.

## पायरी ३: मोठ्या मूळ संख्या बाजूला काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पाचव्या पायरीला प्रूफ कोसळतं.

एन = १० घ्या. २ च्या पटीत ५ संख्या, ३ च्या ३, दोन्हींच्या एकच, ६. प्रोबॅबिलिटी ५/१० गुणिले ३/१० = ०.१५, खरी मात्र ०.१. छोट्या मूळ संख्यांमध्येच एवढा फरक. आता एन = १०० आणि मूळ संख्या ११ आणि १३: त्यांचा गुणाकार १४३, १०० च्या बाहेर, म्हणजे दोन्हींनी भाग जाणारी संख्याच नाही, खरी प्रोबॅबिलिटी शून्य! मोठ्या मूळ संख्या एकमेकींना चक्क टाळतात, त्यांना स्वतंत्र म्हणणं म्हणजे डोळ्यावर कातडं ओढणं.

उपाय सोपा आहे: फक्त √एन पर्यंतच्या मूळ संख्या ठेवा. त्यांच्या एक्स-पी च्या बेरजेला "छोटा ओमेगा" म्हणू. गमावलं काय? √एन पेक्षा मोठे दोन मूळ अवयव एकाच संख्येत असतील तर त्यांचा गुणाकारच एन च्या बाहेर जातो, म्हणून असा अवयव जास्तीत जास्त एक. ओमेगा आणि छोटा ओमेगा ह्यांच्यात फरक ० किंवा १, कधीच जास्त नाही.

सावधान: कापायच्या आधी "कापल्याने किती गमावलं" हे लिहिल्याशिवाय कापू नका. पेपर तपासणारा पहिला प्रश्न हाच विचारतो.

## पायरी ४: सरासरी

बेरजेची सरासरी म्हणजे सरासरींची बेरीज, ह्याला स्वातंत्र्य लागत नाही. लोक इथे उगाच "स्वतंत्र असल्यामुळे" असं लिहितात आणि मार्क घालवतात.

एक्स-पी ची सरासरी १/पी, चूक जास्तीत जास्त १/एन. √एन पेक्षा जास्त तुकडे नाहीत म्हणून एकूण चूक √एन/एन, नगण्य. मेर्टेन्सवरून १/पी ची बेरीज लॉग लॉग √एन च्या जवळ, आणि लॉग लॉग √एन = लॉग लॉग एन − लॉग २, म्हणजे फक्त ०.६९ चा फरक. वर्गमूळ घेऊनही लॉग लॉग ला जेमतेम ओरखडा उमटतो, म्हणूनच आपल्याला बिनधास्त कापता आलं. सरासरी = लॉग लॉग एन + मर्यादित चूक (मर्यादित म्हणजे एन कितीही वाढला तरी एका ठरलेल्या आकड्यापलीकडे न जाणारी).

## पायरी ५: व्हेरियन्स, खरा घाम इथे

व्हेरियन्सचे दोन भाग: प्रत्येक एक्स-पी चा स्वतःचा, आणि प्रत्येक जोडीचा कोव्हेरियन्स.

स्वतःचा भाग: १/पी × (१ − १/पी), बारीक चूक सोडून. बेरीज केली तर १/पी ची बेरीज वजा १/पी² ची बेरीज, दुसरी मर्यादित असते. तेव्हा हा भाग पुन्हा लॉग लॉग एन + मर्यादित.

आता पी आणि क्यू ह्या दोन वेगळ्या मूळ संख्यांची जोडी. कोव्हेरियन्स = (दोन्हींनी भाग जायची प्रोबॅबिलिटी) − (दोघांच्या प्रोबॅबिलिटींचा गुणाकार). दोन्ही बाजूंनी बांधायचा, एकाच बाजूने बांधून सोडायचा नाही:

वरून: पहिलं पद १/(पी×क्यू) पेक्षा जास्त नाही. गुणाकार (१/पी − १/एन)(१/क्यू − १/एन) पेक्षा कमी नाही. वजाबाकी केली की उरतं ते (१/एन)(१/पी + १/क्यू) च्या आत, आणि १/पी + १/क्यू जास्तीत जास्त १/२ + १/३, म्हणजे १ च्या आत. तर कोव्हेरियन्स १/एन पेक्षा कमी.

खालून: पहिलं पद १/(पी×क्यू) − १/एन पेक्षा कमी नाही, गुणाकार १/(पी×क्यू) पेक्षा जास्त नाही. तर कोव्हेरियन्स −१/एन पेक्षा कमी होत नाही.

म्हणजे कुठलीही जोडी घ्या, कोव्हेरियन्स −१/एन आणि १/एन च्या मध्ये. "जवळपास स्वतंत्र" असं तोंडाने म्हणायच्या जागी आता तुमच्या हातात आकडा आहे. √एन पर्यंतच्या मूळ संख्यांच्या जोड्या (पी-क्यू आणि क्यू-पी वेगळ्या मोजून) एन पेक्षा कमी, म्हणून सगळ्या कोव्हेरियन्सची बेरीज १ च्या आत. व्हेरियन्स = लॉग लॉग एन + मर्यादित चूक. झालं.

तपासा, कापलं नसतं तर काय झालं असतं: एन = दहा लाख. त्याच्या आत ७८,४९८ मूळ संख्या. जोड्या सहाशे कोटींच्या वर, प्रत्येकीची चूक दहा लाखांश, एकूण चूक सुमारे ६१६२ पर्यंत जाऊ शकते. आणि आपण मोजतोय काय, तर लॉग लॉग दहा लाख, म्हणजे २.६३! कापल्यावर १००० पर्यंतच्या १६८ मूळ संख्या उरतात आणि चूक ०.०२८ च्या आत बसते. तिसरी पायरी का लागते ते ह्या दोन आकड्यांत सगळं आलं.

एन = ३० वर व्हेरियन्स तपासायला जाल तर दचकाल. १ ते ३० मध्ये ओमेगा ० असलेली एक संख्या (१), ओमेगा १ असलेल्या १६, ओमेगा २ असलेल्या १२, आणि ३ असलेली एकटी ३०. व्हेरियन्स येतो ०.३८, लॉग लॉग ३० मात्र १.२२. गणित चुकलेलं नाही. फक्त २, ३, ५ घेतले तर ०.६३ येतो, मोठ्या मूळ संख्या मिसळल्या की कमी होऊन ०.३८, कारण मोठा अवयव असला की छोट्यांना जागाच उरत नाही, कोव्हेरियन्स उणे होतो. "मर्यादित चूक" ह्या शब्दांत एवढं सगळं लपलेलं असतं आणि लॉग लॉग इतका हळू वाढतो की छोट्या एन वर ती चूकच जिंकते. सरासरी छोट्या एन वर पडताळा, व्हेरियन्स नको.

## पायरी ६: चेबिशेव्ह लावा

एप्सिलॉन कुठलाही ठरलेला छोटा आकडा, टी = एप्सिलॉन × लॉग लॉग एन. चेबिशेव्हवरून छोटा ओमेगा सरासरीपासून टी पेक्षा लांब असण्याची प्रोबॅबिलिटी ≤ (लॉग लॉग एन + मर्यादित) / (एप्सिलॉन² × (लॉग लॉग एन)²), म्हणजे साधारण १/(एप्सिलॉन² × लॉग लॉग एन). एन वाढला की हे शून्याकडे जातं, फार हळू, पण जातं.

क्रम इथे महत्त्वाचा: आधी एप्सिलॉन ठरवायचा, मग एन मोठा करायचा. उलटं लिहिलं तर वाक्याला अर्थ उरत नाही.

## पायरी ७: कापलेलं परत जोडा आणि विधान नीट लिहा

ओमेगा आणि छोटा ओमेगा ह्यांत फरक १ चा, सरासरी आणि लॉग लॉग एन ह्यांत फरक मर्यादित. हे दोन्ही एप्सिलॉन × लॉग लॉग एन पुढे बुडून जातात. म्हणून: १ ते एन मधल्या ज्या संख्यांचा ओमेगा (१ − एप्सिलॉन) लॉग लॉग एन आणि (१ + एप्सिलॉन) लॉग लॉग एन ह्यांच्या मध्ये नाही, त्यांचं प्रमाण शून्याकडे जातं.

विधानात हे करू नका: "मोठ्या प्रत्येक संख्येला साधारण लॉग लॉग इतके अवयव असतात." मूळ संख्येचा ओमेगा १ असतो, कितीही मोठी असो, आणि ३०,०३० = २×३×५×७×११×१३ चा ६. अपवाद अनंत आहेत, फक्त विरळ आहेत. ही पद्धत एखाद्या विशिष्ट संख्येबद्दल चकार शब्द बोलत नाही.

## हाच हिशेब जिथे चालत नाही

ह्या यशाने चेकाळून लोक लगेच मूळ संख्या मोजायला निघतात. एन च्या आसपासची संख्या मूळ असायची म्हणजे √एन पर्यंतच्या कुठल्याच मूळ संख्येने भाग जायला नको, तर (१ − १/पी) चा गुणाकार करा की, सोपंय. मेर्टेन्सच्याच दुसऱ्या एका रिझल्टवरून हा गुणाकार १.१२/लॉग एन येतो. मूळ संख्या प्रमेय म्हणतं १/लॉग एन. बारा टक्क्यांची चूक, आणि ती एन कितीही वाढवला तरी जात नाही. कारण पाचव्या पायरीत आपण एका वेळी दोनच मूळ संख्यांच्या घटना जोडल्या होत्या, इथे सगळ्या एकदम जोडल्या, आणि तेवढ्या चुकांची बेरीज कोणी बांधलीच नाही.

दुसरा सापळा क्रामेरच्या मॉडेलचा. प्रत्येक संख्या १/लॉग च्या प्रोबॅबिलिटीने "मूळ" आहे असं समजायचं आणि अंदाज बांधायचे. अंदाजापुरतं ठीक, पण हेच मॉडेल सांगतं की के आणि के + १ दोन्ही मूळ असलेल्या अनंत जोड्या आहेत! त्यातली एक सम असणार, २ आणि ३ सोडून एकही जोडी नाही. सम-विषम ची दुरुस्ती केली तरी मायरने १९८५ मध्ये दाखवलं की छोट्या अंतरांतल्या मूळ संख्यांबद्दल मॉडेलचा अंदाज चुकतो. तर मॉडेलवरून आलेल्या ओळीवर "अंदाज" असं ठळक लिहा, प्रूफच्या ओळींत मिसळू नका.

## पायरी ८: वापरून बघा, पाढ्यांचा तक्ता

१० पर्यंतच्या पाढ्यांचा तक्ता मांडा, १०० घरं. त्यात वेगवेगळ्या संख्या किती? फक्त ४२. एन × एन च्या तक्त्यात वेगवेगळ्या संख्यांचं एन² शी प्रमाण शून्याकडे जातं, हे एर्डोशने दाखवलं, आणि वरच्या रिझल्टवरून ते असं पडतं.

इथे मूळ अवयव पुनरावृत्तीसकट मोजायचे, १२ चे ३. त्याला मोठा ओमेगा म्हणतात. साधा ओमेगा घेतलात तर गुणाकाराला बेरीज होत नाही, २ चा १ आणि ४ चा १, पण ८ चाही १च. मोठा ओमेगा मात्र नेहमी बेरीज होतो. दोन्ही ओमेगांतल्या फरकाची सरासरी १ च्या आत राहते (१/(पी(पी−१)) ची बेरीज, सुमारे ०.७७), म्हणून वरचा रिझल्ट मोठ्या ओमेगालाही तसाच लागू. ही ओळ प्रूफमध्ये लिहायची, गाळायची नाही.

आता तक्त्यातली जवळपास प्रत्येक जोडी घ्या: दोन्ही संख्यांना किमान ०.९ लॉग लॉग एन अवयव, म्हणून गुणाकाराला किमान १.८ लॉग लॉग एन. पण एन² पर्यंतच्या जवळपास सगळ्या संख्यांना १.१ लॉग लॉग एन² च्या आतच अवयव असतात, आणि लॉग लॉग एन² म्हणजे लॉग लॉग एन + ०.६९, काहीच वाढलं नाही. तर तक्त्यातले बहुतेक गुणाकार एन² पर्यंतच्या विरळ संख्यांतच दाटीवाटीने बसतात. ज्या जोड्या "जवळपास प्रत्येक" मध्ये बसत नाहीत त्या एन² च्या मानाने नगण्य, त्यांचे सगळे गुणाकार वेगळे धरले तरी बिघडत नाही. दोन्ही नगण्य गठ्ठे मिळून तक्ता संपला.

ओमेगाचा आलेख घंटेच्या आकाराचा होतो, हा एर्डोश आणि कात्सचा १९४० चा रिझल्ट. तो हवा असेल तर चेबिशेव्ह पुरत नाही, तिसरा, चौथा, सगळेच मोमेंट (सरासरीपासूनच्या फरकाच्या त्या-त्या घाताची सरासरी) लागतात. तिथे √एन ला कापून भागत नाही, कारण आता दोन-दोन ऐवजी हव्या तितक्या मूळ संख्या एकदम जोडायच्या असतात आणि चूक कापण्याच्या हद्दीच्या त्या घाताने वाढते. हद्द एन च्या प्रत्येक ठरलेल्या घातापेक्षा लहान घ्यावी लागते, तरी तिचा लॉग लॉग मात्र लॉग लॉग एन च्या इतका जवळ हवा की फरक √(लॉग लॉग एन) पुढे नगण्य ठरेल. ती हद्द कशी निवडायची ते आधी कागदावर सोडवून बघा, मोमेंटला त्यानंतर हात घाला.